तुम्ही विचारलंत म्हणून: कडक की प्रेमळ?

"पहिल्या दिवशी कडक राहायचं की प्रेमळ?"

शिकाऊ शिक्षकांच्या दर तुकडीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. बहुतेकदा वर्गावर जायच्या आदल्या दिवशी, जिन्यात गाठून, हळूच. उत्तर एका शब्दात हवं असतं. कुणा अनुभवी माणसाने आधीच कानमंत्र दिलेला असतो की सुरुवातीला हसायचं नाही, नाहीतर पोरं डोक्यावर मिरे वाटतात. दुसरीकडे अभ्यासक्रमात वाचलेलं असतं की वर्गातलं वातावरण आनंदी आणि सकारात्मक हवं. या कात्रीत सापडलेलं ते बिचारं माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभं असतं.

माझ्या उत्तराने त्याची निराशाच होते. मी म्हणते, स्वभावाचं नंतर बघू. आधी सांगा, मुलं वर्गात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काय करणार? बोलायचं असेल तर हात वर करायचा की थेट बोलायचं? काम लवकर संपलं तर? पेन्सिल तुटली तर? याची उत्तरं तयार नसलेला प्रेमळ शिक्षक आठवडाभरात वैतागतो आणि मग कडक होतो. मुलांच्या दृष्टीने याच्याइतकं वाईट काही नाही. काल चाललेलं आज का चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

हे नव्यांना सुचत नाही यात त्यांचा दोष नाही. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं. शिक्षक होणाऱ्याने हा पेशा आधीच हजारो तास पाहिलेला असतो, पण बाकावर बसून. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं, त्यामागचं ठरवणं दिसत नाही. म्हणून प्रशिक्षणात कितीही शिकवा, वर्गात गलका वाढला आणि माणूस घाबरलं की त्याच्या तोंडून त्याच्याच जुन्या मास्तरांचा आवाज निघतो.

माझ्या तोंडूनही निघाला होता. नोकरीचं पहिलं वर्ष. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागे कुजबुज झाली, वळले, तर शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा पूर्ण मागे फिरलेला. मी असा आवाज चढवला की शेजारच्या वर्गातही ऐकू गेला असेल. त्याला उभं केलं. तेव्हा दिसलं, त्याच्या हातात पेन्सिल होती. मागच्या मुलीचं टोक मोडलं होतं, म्हणून तो आपली द्यायला वळला होता. मी "बस खाली" म्हणाले आणि पुढे शिकवायला लागले. त्या तासाला मग कुणी हात वर केला नाही. पहिल्या बाकावरच्या, नेहमी अर्ध्या उठून हात नाचवणाऱ्या दोघींनीसुद्धा.

या प्रकाराचा अभ्यास झालेला आहे, हे मला फार नंतर कळलं. जेकब कूनिन हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता, त्याला त्यांनी झापलं. बघतात तर बाकीच्यांचा नूरच पालटला, सगळे खाली मान घालून बसले. एकाला बोललेलं सगळ्यांपर्यंत तरंगासारखं पोचतं, या कुतूहलातून त्यांनी शाळांमधल्या वर्गांचं चित्रण करून पाहिलं. रागावण्याची कोणती पद्धत चालते, हे त्यांना शोधायचं होतं. १९७० मध्ये त्यांनी जे मांडलं ते मात्र वेगळंच. खोडी झाल्यावर शिक्षक काय करतो, त्यावरून शांत वर्ग आणि बेशिस्त वर्ग वेगळे ओळखूच येत नव्हते. फरक होता तो खोडी होण्याआधीच्या वागण्यात. ज्यांच्या पाठीला डोळे आहेत असं मुलांना वाटतं, ज्यांना एका मुलाची वही तपासताना दुसऱ्याचं चुळबुळणंही जाणवतं, ज्यांच्या एका कामातून दुसऱ्या कामात जाताना फट पडत नाही, त्यांचे वर्ग चालत होते.

आता पाठीला डोळे आणायचे कसे? व्याख्यानाने येत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते.

आम्ही तालीम करतो. सात-आठ जण मुलं होऊन बाकांवर बसतात, एक जण शिक्षक. शिकवायचं काहीच नाही. "वह्या काढा, नवीन पान घ्या, तारीख लिहा" इथपर्यंतच. मी आधी एकाच्या कानात सांगून ठेवते, पेन पाड. दुसरीला सांगते, कुठलं पान म्हणून दोनदा विचार. मागे एका तुकडीत एक उंचापुरा, खणखणीत आवाजाचा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "वह्या काढा. आणि पुस्तकही काढा. नाही, पुस्तक राहू द्या," आणि बोलता बोलता तारीख लिहायला फळ्याकडे वळला. पेन पडलं. मिनिटाच्या आत वर्ग विस्कटला. बरं, बाकांवर होती ती मोठी माणसं, आणि त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारी!

पुन्हा. या वेळी एका जागी उभं राहायचं, सगळ्यांचे डोळे येईपर्यंत थांबायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती होतेय का ते बघत बाकांमधून फिरायचं. तिसऱ्या खेपेला त्याला जमलं. नंतर म्हणाला, "मी गप्प उभा होतो तेव्हा वाटलं, तुम्ही सगळे मला हसताय." कुणीही हसत नव्हतं. तो जेमतेम चार सेकंद थांबला होता.

गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. दोन जादा सेकंदांत मुलाला कळतं की आपल्या उत्तराची कुणीतरी खरंच वाट बघतंय. चार रंगांत लिहिलेल्या, भिंतीवर टांगलेल्या सुविचारांपेक्षा मला हे जास्त सकारात्मक वाटतं. (तक्त्यांवर माझा राग आहे, ते असो.)

तालमीची कल्पना माझी नव्हे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन सुरू झालं ते याच विचाराने. मोजकी मुलं, थोडी मिनिटं, एकच कौशल्य, मग चर्चा आणि तोच पाठ पुन्हा. दुर्दैवाने हे "पुन्हा"च पुष्कळ ठिकाणी गळून जातं. तक्ता भरला, सही झाली, पुढचा नंबर. पोहायला शिकणाऱ्याला एकदा पाण्यात ढकलून नाकातोंडात पाणी गेल्याची नोंद करण्यातला प्रकार.

कौतुकाचंही थोडं सांगते. "शाब्बास, छान" खिरापतीसारखं वाटलं की त्याची किंमत उरत नाही. काय छान झालं ते सांगावं: "तू आकृती आधी काढलीस, म्हणून गणित सुटलं." "हुशार आहेस" हे तर टाळावंच. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

नवा शिक्षक खऱ्या वर्गात गेला की मी मागे जाऊन बसते. शेरे लिहीत नाही. कागदावर बाकांचा नकाशा काढते आणि तो ज्या मुलाशी बोलेल त्याच्या चौकटीत टिंब देते. तास संपला की कागद त्याच्या हातात. एका मुलीच्या कागदावर पुढचा बाक आणि मधली रांग टिंबांनी भरलेली होती, खिडकीकडची अख्खी रांग कोरी. ती बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, "ही मुलं आज आली होती?" आली होती. दुसऱ्या दिवशी तिने उभं राहायची जागा बदलली. मला काही सांगावं लागलं नाही.

एवढं करूनही चुका होणारच. पट मोठा असतो, घसा बसलेला असतो, एखादं मूल घरून रडून आलेलं असतं आणि नव्याच्या वाट्याला नेमका कुणालाच नको असलेला वर्ग येतो. म्हणून आम्ही माफी मागायचीही तालीम करतो. वाक्य लहान हवं, "पण तूसुद्धा" हे शेपूट नको, आणि ओरडलो असू सगळ्यांसमोर तर माफीही सगळ्यांसमोर.

पेन्सिलवाल्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी मागितली. तेव्हा तालीम वगैरे नव्हती, रात्रभर झोप नव्हती एवढंच. म्हणाले, "काल मी न बघता ओरडले. तू पेन्सिल देत होतास. चूक माझी होती." तो लाजून बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. वर्ग चिडीचूप. मग मागची मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, ती अजून माझ्याकडेच आहे," आणि दप्तर उपसायला लागली. पेन्सिल सापडेना. आख्खा वर्ग शोधायला लागला, आणि त्या गडबडीत माझी हजेरी घ्यायची राहून गेली.