पाव गोळीचा हिशोब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. कुणाची किती पोती आली, सौद्यात काय दर निघाला, हमाली-तोलाई वजा जाता पट्टी कितीची झाली, हे लिहिण्यात बारा वर्षं गेली. त्यामुळे काही घडलं की तारीख टाकून लिहून ठेवायची हाताला सवय आहे. आज जे सांगतोय ते त्या सवयीमुळेच सांगता येतंय.

माझे केस सत्ताविसाव्या वर्षापासून मागे सरकायला लागले. कपाळाच्या दोन्ही बाजूंना खाचा पडल्या. त्या रोज आरशात दिसायच्या, म्हणून अंगवळणी पडल्या. डोक्याच्या मागच्या बाजूचं मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. गावभागात आम्ही लहानपणापासून ज्यांच्याकडे केस कापतो ते काका कटिंग झाल्यावर मागे छोटा आरसा धरतात आणि "बघा, बरोबर हाय न्हवं?" म्हणतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आरसा धरला आणि मी बघायच्या आत खाली घेतला. मी म्हटलं, "काका, धरा की नीट." त्यांनी परत धरला. शेंडीच्या जागी वाटीच्या तळाएवढा गोल विरळ झाला होता आणि ट्यूबच्या उजेडात त्यातून कातडी चमकत होती. काका काही बोलले नाहीत. कापड झटकत राहिले.

लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. बायकोनं केसांबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. वाईट मलाच वाटत होतं. पुरुषाला केसांचं एवढं काय, असं लोक म्हणतात. पण पहाटे उशी झटकताना जो जीव खालीवर होतो तो माझा मला माहीत. वाईट वाटण्याबद्दल मला आजही लाज नाही. लाज आहे ती त्यानंतर मी जे लपवलं त्याची.

आमच्या तात्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, त्रास आहे. रात्री चार-पाचदा उठावं लागायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना दोन गोळ्या दिल्या, त्यातली एक फिनास्टेराइड, ५ मिलिग्रॅम. दर महिन्याला त्यांची औषधं मीच आणतो. काकांच्या आरशानंतर मी रात्री मोबाईलवर केसांची औषधं शोधत बसलो आणि तेच नाव समोर आलं. उठून तात्यांच्या औषधाच्या डब्यातली स्ट्रिप बघून आलो. अक्षर न अक्षर तेच.

हे औषध आधी प्रोस्टेटसाठीच आलं. अमेरिकेत १९९२ साली ५ मिलिग्रॅमला मंजुरी मिळाली आणि १९९७ च्या डिसेंबरात पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमला. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं आणखी जोरकस संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं या डीएचटीनं आकसत जातात. जाड केसाच्या जागी बारीक, त्याच्या जागी आणखी बारीक, शेवटी नुसती लव. कानांच्या वरचे आणि मानेकडचे केस त्याला दाद देत नाहीत, म्हणून तेवढी झालर राहते. डीएचटी तयार करणाऱ्या एन्झाइमला फिनास्टेराइड अडवतं आणि रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशानं उतरतं. वाढलेली प्रोस्टेट त्यानं आकसते आणि केस गळायचे थांबतात. एकाच दाराला लावलेली ही कडी आहे, फक्त त्या दारातून आणखी कोण कोण ये-जा करतं याचा विचार मी केला नाही.

पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे केले तर एक मिलिग्रॅमच्या गोळीपेक्षा खूप स्वस्त पडतं. हे मी मोबाईलवरच वाचलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नसतं, पण तात्यांची जुनी चिठ्ठी माझ्या पाकिटात होती आणि मेडिकलवाल्यानं दोन स्ट्रिपा जास्त दिल्या. विचारलं काहीच नाही.

३ जून २०२४. सकाळी साडेसहाला बायको आंघोळीला गेली की मी ओट्यावर दाढीचं नवं पातं घेऊन बसायचो. गोळी गुळगुळीत, बोटाखालून निसटायची. पातं मधोमध टेकवून वरून अंगठा दाबला की टक् आवाज व्हायचा, दोन तुकडे व्हायचे. दुसऱ्यांदा कापताना एक तुकडा नेहमी फुटायचा आणि पिठासारखी पांढरी पूड ओट्यावर सांडायची. ती मी तळव्यानं पुसून टाकायचो. पाच मिनिटांनी त्याच जागी बायको कोथिंबीर चिरायला घ्यायची.

खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानांवर नोंदी होत्या. कुणाला कळू नयेत म्हणून अर्धवट लिहिलेल्या. त्यातल्या तीनच इथे देतो. २४ जून, "पातळ, कमी." म्हणजे वीर्य. ११ जुलै, "रात्री २ पर्यंत वाचलं." त्या रात्री मी या गोळीनं त्रास झालेल्या लोकांचे अनुभव वाचत बसलो होतो. गोळी सोडून वर्षं झाली तरी पूर्वीसारखं झालं नाही असं लिहिणारी माणसं. त्यानंतर १५ जुलै, "इच्छा नाही." पुढे पानभर तेच.

ऑगस्टमध्ये झोप उडाली. पावसाळ्यात यार्डात काम कमी असतं, तेव्हा पेढीवर नुसता बसून असायचो आणि पावत्यांवरचे आकडे दिसत असून वाचले जायचे नाहीत. बायकोला वाटलं, मूल राहत नाही म्हणून मी खचलोय. आम्ही वर्षभर प्रयत्न करत होतो. तिच्या डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या सांगितल्या. माझ्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आली. डॉक्टरांनी तिच्यासमोर विचारलं, "काही औषध चालू आहे का?" मी म्हणालो, "नाही."

परत येताना गाडीवर ती मागे बसली होती. आयर्विन पुलावर गर्दी तुंबली होती, खाली कृष्णेला गढूळ पाणी. तेवढ्या वेळात तिनं फक्त एवढंच म्हटलं, "दोष कुणाचाही असू दे, आपण औषध घेऊ." ते मला सहन झालं नाही. घरी आल्यावर डायरी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढं लिहिण्यापेक्षा मला एकदा सांगायचं होतं की."

२९ ऑगस्टला आम्ही दोघं मिरजेला त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. गोळी घरी कापतो म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे कापता?" मी सांगितलं. "आणि मूल हवंय म्हणताय?" अखंड गोळीवर आवरण असतं, ती हाताळायला हरकत नाही. पण फुटलेल्या गोळीची पूड गरोदर बाईच्या, किंवा जिला दिवस राहू शकतात तिच्या, हाताला लागता कामा नये. पोटात मुलगा असेल तर त्याची जननेंद्रियं घडायला हेच डीएचटी लागतं. ऐकताना बायकोनं आपले तळवे उलटून पाहिले. तेव्हा तिला दिवस राहिलेले नव्हते. ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगतो.

मग मॅडमनी डायरी मागितली आणि नोंदींवर बोट ठेवत ठेवत वाचली. इतक्या नीट तारखा कुणी आणत नाही, म्हणाल्या. २४ जूनची नोंद औषधाची आहे, यात त्यांना शंका नव्हती. वीर्याचा बराचसा द्रव प्रोस्टेटमधून आणि आजूबाजूच्या ग्रंथींतून येतो. औषध तिथेच काम करतं, म्हणून प्रमाण कमी होऊ शकतं. शिवाय ती नोंद मी काही वाचायच्या आधीची होती. "पण १५ जुलैची नोंद औषधाची की ११ जुलैच्या वाचनाची, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकणार नाही."

मला ते टोचलं. म्हणजे मी मनानं रचलं का? त्या म्हणाल्या, "रचलं असं नाही. त्रास खरा आहे, तो कुठल्या वाटेनं आला एवढंच ठरत नाही." मग त्यांनी इटलीतला एक अभ्यास सांगितला, २००७ साली छापलेला. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना हीच ५ मिलिग्रॅमची गोळी वर्षभर दिली. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. कल्पना दिलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्क्यांनी तक्रार केली, न दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांनी. मी विचारलं, मग सांगूच नये का? "सांगायलाच हवं. पण समोर बसून, शंका विचारता येतील असं. रात्री दोनला एकट्यानं वाचायला लावून नाही." केसांच्या १ मिलिग्रॅमच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांनी सांगितल्या आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांनी. हा आकडा ३ जूनला कुणी मला सांगितला असता तर मी तो शांतपणे तोलला असता. आकडे तोलायचंच काम करतो मी.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. डीएचटी साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं, शुक्राणू नव्यानं तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर थांबा, असं मॅडमनी सांगितलं. बंद केल्यावरही काहींच्या तक्रारी राहिल्या आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. अमेरिकेत २०१२ पासून औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद आहे. ते दोन आठवडे कठीण गेले. चौदावा दिवस आला तेव्हा फारसा फरक नव्हता आणि मी घाबरलो. सप्टेंबरच्या शेवटी झोप परत आली, मग हळूहळू बाकीचं. डिसेंबरचा रिपोर्ट चांगला आला. माझं निभावलं. ज्यांचं निभावलं नाही त्यांना "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांचा मात्र मला आता फार राग येतो.

ऑगस्टमधल्या माझ्या मनाच्या अवस्थेबद्दलही लिहिलं पाहिजे. या गोळीनं काहींना नैराश्य येतं. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीनं आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. मी तिथवर गेलो नव्हतो. पण कुणी ही गोळी घेत असेल आणि जगणं नकोसं वाटायला लागलं असेल, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी घरातल्या एकाला आणि डॉक्टरांना सांगा. केस नंतर बघता येतील.

आता फक्त मिनॉक्सिडिल लावतो, ५ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा एक-एक मिली. हे मुळात रक्तदाबाचं औषध होतं, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून डोक्याकडे वळलं. पहिल्या दीड महिन्यात उलटे जास्त केस गळतात, कारण जुने केस ढकलून नवे येतात. हे आधीच सांगितलेलं असल्यानं मी डगमगलो नाही. टाळूला खाज सुटते, बंद केलं तर कमावलेलं तीन-चार महिन्यांत जातं. कपाळाच्या खाचा तशाच आहेत, मागचा गोल थोडा भरलाय. ज्यांना फिनास्टेराइड मानवतं त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो आणि अशी माणसं पुष्कळ आहेत. माझी तक्रार गोळीबद्दल नाही, ती ज्या वाटेनं माझ्या घरात आली त्या वाटेबद्दल आहे.

राहिले तात्या. त्यांच्या चिठ्ठीवर औषध आणलं हे त्यांना सांगायला मला दिवाळी उजाडली. संध्याकाळी ते हरिपूर रस्त्यानं संगमेश्वरापर्यंत चालत जातात, एकदा मीही निघालो. झाडांखाली अंधार पडला होता, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. गोळी, पूड, रिपोर्ट सगळं सांगितलं. त्रास काय झाला तेही, जमेल तसं. तात्या चालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मलाबी झालं तसं. गोळी चालू झाल्यावर. तीन वर्सं झाली."

मी विचारलं, डॉक्टरांना बोलला नाहीत?

"ह्या वयात काय बोलायचं? त्यांनीबी इचारलं न्हाई."

५ मिलिग्रॅमच्या डोसाला हा त्रास जास्त जणांना होतो. पहिल्या वर्षी ताठरता कमी झाल्याची तक्रार १०० पैकी ८ जणांची, औषध नसलेल्या नुसत्या गोळीवर ४ जणांची. आणि माझा बाप तीन वर्षं वयाच्या नावावर ते खर्ची टाकून बसला होता, आईशीही न बोलता.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर आत गेलो. जाताना कागदावर दोन ओळी लिहून नेल्या होत्या. पहिली, गोळी चालू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याचा महिना. दुसरी, पीएसएबद्दल. या गोळीनं प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला तो आकडा जवळपास निम्म्यानं उतरतो, त्यामुळे तो दुप्पट धरून वाचावा लागतो, आणि मधल्या काळात लॅब बदलली तेव्हा आम्ही तिथे गोळीचं नाव सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला, खुर्ची तात्यांच्या बाजूला वळवली आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा." तात्यांनी माझं मनगट धरलं. "बसू द्या त्याला," ते म्हणाले, "त्याला ठाऊक हाय."