मिक्रोरायोनचं मॉडेल, भाग ४ : आधी शाळा, मग घरं

मंडळी, दीड महिन्यानी लिहितोय. मधे ऑफिसचं काम होतं आणि पावसाळी हवेत फेव्हिकॉल वाळता वाळत नव्हता, त्यामुळे सगळं रखडलं. आता बोर्ड परत डायनिंग टेबलावर आलाय आणि मागच्या भागात ज्या २८ इमारती चिकटवलेल्या दाखवल्या होत्या त्या सगळ्या मी उचकटून काढल्यात. का काढल्या तेच आज सांगायचंय, कारण गेलं वर्षभर जे नुसतं वाचत होतो ते त्या दिवशी हाताला कळलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. १:१००० स्केलवर १९६० च्या दशकातला सोव्हिएत मिक्रोरायोन करतोय, म्हणजे शहराचा सगळ्यात लहान असा स्वतःपुरता तुकडा, ज्यात घरं, शाळा, बालवाड्या, रोजची दुकानं, मैदानं सगळं पायी अंतरावर. अमुक एक खरी वस्ती नाही, त्या काळच्या नियमांवरून मीच आखलीय. बोर्ड ८० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर ८०० बाय ६०० मीटर, ४८ हेक्टर. इमारती १-४६४ सिरीजच्या (काँक्रीटच्या तयार पॅनेलच्या घरांचा त्या काळचा एक ठरावीक नमुना), पाच मजली, चार जिने, जिन्याला प्रत्येक मजल्यावर चार घरं, म्हणजे एका इमारतीत ८० घरं. अशा ४० बसवायच्यात, ३२०० घरं, घरात सरासरी साडेतीन माणसं धरली तर ११ हजारांच्या वर वस्ती. ३ एमएमच्या सनबोर्डचे पाच थर चिकटवले की १५ एमएम होतात, एक थर म्हणजे एक मजला, हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

तर चूक काय झाली. इमारती कापून तयार होत्या, रांगेत मांडल्यावर सुंदर दिसत होत्या, म्हणून त्याच आधी चिकटवल्या. मग राहिलेल्या जागेत शाळा बघायला गेलो तर ती जेमतेम उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बसली. बसली तर बसली असं वाटलं. मग सहज एक टाचणी शाळेच्या दारात रोवली, तिला ५० सेंटिमीटरचा दोरा बांधला आणि फिरवला. शाळेसाठी नियमात चालायचं अंतर ५०० मीटर, बालवाडीला ३०० आणि रोजच्या दुकानांना ५००. दोऱ्याच्या बाहेर माझ्या अकरा इमारती राहिल्या. सगळ्यात लांबच्या इमारतीतून शाळा ९०० मीटर. सोव्हिएत मुलं तेव्हा सातव्या वर्षी शाळेत जायला लागायची, सात वर्षांचं पोर जानेवारीच्या बर्फात रोज पावणेदोन किलोमीटर जाऊन येऊन. त्याच रात्री कटर घेतला आणि एकेक इमारत खालून सोडवली.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या बोर्डवर टाचणी बरोबर मधोमध लावली आणि दोरा कोपऱ्याकडे ताणला तर तो कोपऱ्यावर नेमका संपला. साधंच आहे खरं तर, ४०, ३० आणि ५० चा काटकोन त्रिकोण, शाळेत शंभर वेळा केलेला, पण बोर्ड विकत घेताना हे डोक्यातही नव्हतं, स्टेशनरीवाल्याकडे तीच साइज होती म्हणून घेतला होता. आता मधे मैदान आणि त्याच्या दोन बाजूंना दोन शाळा आहेत, कारण ११ हजार वस्तीची मुलं एका शाळेत मावत नाहीत. दोऱ्याचं अंतर सरळ रेषेतलं असतं, मूल काही इमारतीतून आरपार जात नाही, म्हणून कोपऱ्यांकडून मैदानाकडे तिरक्या पायवाटा आधी पेन्सिलीने काढल्या आणि त्या पायवाटांवर इमारत येऊ द्यायची नाही असं ठरवलं. बालवाड्यांचं कोडं जास्त अवघड निघालं. ३० सेंटिमीटरच्या दोऱ्याने दोन बालवाड्यांत कोपरे बसत नाहीत, ३६ होतात. चार केल्या, बोर्डाच्या चार चौथाईंच्या मधे एकेक, की कुठलाही कोपरा २५ च्या आत.

मोठा रस्ता फक्त कडेने. आत गाड्यांना आरपार जायला वाटच नाही, नुसते दारापर्यंत येऊन संपणारे छोटे रस्ते. मूल घरून शाळेत निघालं की वाटेत एकही वाहता रस्ता ओलांडायला लागत नाही.

ही मूळ कल्पना समाजवादी नाही हेही सांगायला हवं, कारण आपल्यातले काहीजण तसं धरून चालतात. शाळा मधे, मोठे रस्ते कडेला हे अमेरिकेत क्लॅरन्स पेरीने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी मांडलं होतं. फरक पडतो तो जमिनीत. सोव्हिएत रशियात १९१८ मध्येच शहरांमधली जमिनीची खाजगी मालकी रद्द झाली होती. मधोमधची सगळ्यात मोक्याची जागा शाळेला आणि मैदानाला द्यायची तर तिथे कुणाचा प्लॉट नाही, भाव नाही, कोर्टकचेरी नाही. मला हा सगळा विषय आवडतो तो इथून. आपल्याकडे आराखड्यात शाळेचं आरक्षण टाकतात आणि मग ती जागा ताब्यात यायला किती वर्षं जातात ते आपण सगळे बघतोच.

तरी त्या लोकांनाही या साध्या आकृतीपर्यंत यायला तीसेक वर्षं लागली. १९२९-३० मध्ये तिकडे जोरदार वाद चालला होता. लिओनिद साब्सोविच म्हणत होता की दोन-तीन हजार माणसांच्या सामूहिक इमारती बांधा, स्वयंपाकघर एकच, मुलं वेगळी राहतील. मिखाईल ओखितोविच म्हणत होता की शहरच नको, महामार्गांच्या कडेने सुटी सुटी घरं पसरून टाका. मे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने असल्या टोकाच्या योजनांना अव्यवहार्य ठरवून फटकारलं. ओखितोविचला पुढे अटक झाली आणि १९३७ मध्ये तो छावणीत मेला. शहर आखण्याच्या वादात होता हा माणूस, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो निकोलाय मिल्युतिन. त्याने १९३० मध्ये समांतर पट्ट्यांचं शहर मांडलं. आधी रेल्वे, मग कारखाने, मग किमान ५०० मीटर झाडांचा पट्टा आणि त्यात महामार्ग, मग घरं, मग बाग आणि नदी, पलीकडे शेती. वारा घरांकडून कारखान्यांकडे वाहायला पाहिजे, उलटा नाही. कामगार घरातून निघाला की झाडांतून चालत आपल्या समोरच्याच कारखान्यात. शहर वाढलं तरी लांबीने वाढणार, म्हणून हे अंतर तेवढंच राहतं. किती स्वच्छ विचार आहे! आणि मॅग्निटोगोर्स्कला, म्हणजे उरालमधल्या पोलाद कारखान्याच्या नव्या शहराला, काय झालं बघा. जर्मनीहून वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय आपली टीम घेऊन १९३० मध्ये पोचला तोवर कारखान्याची जागा ठरून काम सुरूही झालं होतं, घरांना कारखान्याजवळची उरलीसुरली जागा मिळाली आणि धूर वस्तीवर. शेवटी युद्धानंतर उराल नदीच्या पलीकडे, उजव्या काठावर नवं शहर उभं करायला लागलं. कारखाना आधी चिकटवला आणि मग घरांना जागा शोधली. माझा कोपऱ्यातल्या शाळेचा बोर्ड आठवला मला हे परत वाचताना.

आता उन्हाचं. याचा मी प्रयोग केला, तुम्ही पण करा, खर्च शून्य. १९६३ च्या नियमाप्रमाणे २२ मार्च ते २२ सप्टेंबर या काळात घराला दिवसाचे निदान तीन तास थेट ऊन मिळालं पाहिजे. मॉस्कोला २२ मार्चच्या आसपास दुपारी सूर्य साधारण ३४ अंशांवर असतो. बोर्ड जमिनीवर ठेवला, मोबाईलचा टॉर्च कपाटावर, बोर्डापासून ३ मीटर लांब आणि २ मीटर उंच, की बरोबर ३४ अंशांच्या जवळ कोन येतो. खोलीत अंधार केला. १५ एमएमच्या इमारतीची सावली २२ एमएम पडली, हिशोबानेही तेवढीच येते. जुन्या मांडणीत मी रांगांमधे २० एमएम सोडले होते, त्यामुळे मागच्या इमारतीचा तळमजला भर दुपारी सावलीत. तळमजल्यावर पण घरंच असतात ना. आता ३२ सोडलेत. हाच हिशोब पुण्यासाठी केला तर सूर्य ७१ अंशांच्या वर आणि सावली फक्त ५ मीटर. डिसेंबरात मॉस्कोला सूर्य दुपारीसुद्धा ११ अंशांवर, सावली जवळपास ७८ मीटर, तिथे कुठलाच नियम पुरा पडणार नाही म्हणून हिवाळा नियमातच धरलेला नाही. त्या वस्त्यांच्या फोटोंत इमारतींमधे एवढं रान का सोडलंय असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंचसं अंतर असं सावलीने ठरवलेलं आहे.

मग रांगा सरळच का, हा प्रश्न इथे दोघातिघांनी विचारला होता. त्याचं उत्तर मला इमारती परत चिकटवताना मिळालं. नियमात कुठेही सरळ रांग हवीच असं नाही, त्या काळच्या वास्तुरचनाकारांना उलट मोकळी मांडणी आवडायची. पण मी स्टीलची पट्टी बोर्डवर ठेवली आणि तिच्या कडेला इमारती लावत गेलो तर एका संध्याकाळी बारा झाल्या, आणि एक कोपरा मुद्दाम तिरका, मोकळा ठेवायला गेलो तर चार इमारतींना दोन संध्याकाळी गेल्या. तिकडे हीच पट्टी म्हणजे टॉवर क्रेनचे रूळ. पॅनेल कारखान्यात ओतून ट्रकने यायचे, क्रेन रुळांवरून इमारतीच्या बाजूने सरकत एकेक पॅनेल बसवत जायची, आणि रूळ सरळ टाकणंच स्वस्त. १९५७ च्या जुलैमधल्या ठरावात १० ते १२ वर्षांत घरांची टंचाई संपवायचं ठरलं होतं, लोक एकेका खोलीत अख्खं कुटुंब आणि सामायिक स्वयंपाकघर असे राहत होते, तेव्हा क्रेनचं ऐकलं गेलं यात मला तरी नवल वाटत नाही. पाच मजले पण त्याच हिशोबात, त्याच्या वर गेलं की लिफ्ट लागायची.

ज्यांना खरी जागा करायचीय त्यांनी मॉस्कोचा नोव्ये चेरयोमुश्की भागातला ९ वा क्वार्टल (म्हणजे ब्लॉक) करावा असं मी सुचवेन. १९५० च्या दशकाच्या शेवटी वास्तुरचनाकार नातान ओस्टरमानच्या देखरेखीखाली तो झाला, बहुतेक इमारती चार मजली, वेगवेगळ्या पद्धतींनी बांधून बघितलेल्या, म्हणजे कुठली पद्धत देशभर न्यायची याची चाचणीच. आत शाळा, बालवाडी, दुकानं, सिनेमा, मुलांना खेळायला उथळ पाण्याचं तळं. आकाराने लहान आहे, १:५०० वर पण टेबलावर मावेल.

दुकानांबद्दल कबूल करायचंय की माझ्या बोर्डवर अजून एकही दुकान नाही. २८ इमारती होत्या तेव्हाही नव्हतं. हेच तिकडे प्रत्यक्षात व्हायचं. योजनेचं उद्दिष्ट चौरस मीटर घरांमधे मोजलं जायचं, त्यामुळे घरं वेळेवर, आणि दुकान, दवाखाना, बालवाडी मागाहून, कधी कधी कित्येक वर्षांनी. लोक नव्या घरात आले आणि दुधासाठी चिखलातून लांब बसथांब्यापर्यंत चाललेत, अशा तक्रारी त्या काळात खूप होत्या. नकाशावर दोऱ्याचं वर्तुळ पुरं आणि जमिनीवर मधला बिंदूच बांधलेला नाही. या पद्धतीवर जी टीका होते त्यातली मला ही सगळ्यात खरी वाटते, इमारती एकसारख्या दिसतात या टीकेपेक्षा कितीतरी खरी. म्हणून आता माझा नियम असा की चारही बालवाड्या, दोन शाळा, दवाखाना आणि दुकानांची एकमजली लांब इमारत चिकटल्याशिवाय या सोळा इमारतींच्या पुढे सतरावी नाही.

लहानपणी सुट्टीत भिलाईला मावशीकडे जायचो. कारखाना सोव्हिएत मदतीने झालेला, १९५५ चा करार, आणि गावाचे सेक्टर. मावशीच्या सेक्टरमधे शाळा आणि बाजार दोन्ही चालत जायच्या अंतरावर होते. मावसभाऊ पहिलीपासून एकटा शाळेत जायचा आणि मला त्याचा फार हेवा वाटायचा, कारण आमच्याकडे रस्ता ओलांडायला आजोबा सोबत लागायचे. टाचणीला दोरा बांधून फिरवताना तेच डोक्यात होतं.

सध्याची स्थिती : शाळा दोन्ही झाल्या, तीन बालवाड्या झाल्या, चौथीचं कुंपण राहिलंय. कुंपणाला जुन्या मच्छरदाणीची जाळी २ एमएम पट्टीत कापून लावतोय, लांबून अगदी तारेचं कुंपण वाटतं. झाडांना भांडी घासायची हिरवी घासणी पिंजून बघितली, रंग फार गडद आला, आता साधा स्पंज पोस्टर कलरमधे बुडवून वाळवायला ठेवलाय. बर्चची पांढरी खोडं कशाने करावीत ते कुणी केलं असेल तर सांगा, टूथपिक या स्केलला जाड होतात.

पुढच्यासाठी लिथुआनियातल्या विल्निअसची लाझ्दिनाय ही वस्ती डोक्यात आहे, चेकानाउस्कास आणि ब्रेदिकिस या वास्तुरचनाकारांनी टेकडीच्या उतारावर झाडं राखून बसवलेली, १९७४ मध्ये तिला लेनिन पुरस्कार मिळाला. त्यासाठी उताराचे थर कापायला लागतील आणि तिथे माझी स्टीलची पट्टी चालणार नाही. पण ते नंतर. आधी चौथी बालवाडी.