दोन फुटांचा समुद्र आणि चार अंकांची चूक

सात लिटर पाण्याला २६६ ग्रॅम मीठ. हा आकडा मला आता पाठ आहे, कारण दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी दर आठवड्याला ३०० ग्रॅम घालत होतो आणि त्या जादा ३४ ग्रॅमांपायी माझ्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली सगळी कोरल, म्हणजे प्रवाळं, कित्येक आठवडे मिटून बसली होती.

टाकी लहान आहे. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच उंच. दगड आणि वाळू वजा केली तर जेमतेम सत्तर लिटर पाणी. डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या समोरच्या भिंतीला. माझं आजोळ मालवणचं. लहानपणी मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला होडीतून जायचो, पाणी नितळ असलं की खाली दगडांवर रंग दिसायचे. ती प्रवाळं आहेत हे कळायला कॉलेजमध्ये जाऊन काचेचा मुखवटा लावून पाण्यात उतरावं लागलं. तेव्हापासून हे डोक्यात होतं. टाकी घरात आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "अरे, दर्यो घरात कित्याक हाडलंस?"

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली होती, ती आधी सांगतो. आपल्याकडे दगडासारखा सांगाडा बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, समुद्रपंखे, काळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या किनाऱ्यावरून दगडाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. फोनवर फोटो पाठवून "सर, हार्ड कोरल आहे, घरपोच देतो" म्हणणारे बरेच भेटले, त्यांना नाही म्हटलं. मी फक्त मऊ कोरल ठेवतो, तीही दुसऱ्यांच्या टाक्यांमध्ये वाढवून कापलेले तुकडे: झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. दोन क्लाउन मासे आहेत, तेही पैदाशीतले. क्लाउन बंदिस्त जागेत अंडी घालतो आणि पिल्लं जगवण्याचं तंत्र आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी चांगलं बसवलं आहे. मग समुद्रातून पकडलेला कशाला आणायचा?

पहिले दोन महिने टाकीत मासा नव्हता. सात किलो कोरडा दगड, वाळू, खारं पाणी आणि कोळंबीचा एक तुकडा. कोळंबी सडते, त्यातून अमोनिया तयार होतो, तो खाणारे जिवाणू दगडावर वसतात आणि त्याचं नायट्राइट करतात. मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे येतात. लोणचं मुरतं तशी टाकी मुरावी लागते. रोज संध्याकाळी काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा: हिरवा म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे नाही. एकविसाव्या दिवशी पिवळा आला, पण नायट्राइट उतरायला अडतिसावा दिवस उजाडला. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर चढला. तो डायटमचा, जवळपास प्रत्येक नव्या टाकीत येतो आणि आपोआप जातो. तो घासण्यात मी जी मेहनत घेतली ती वाया गेली, एवढं सांगून पुढे जातो.

पाणी नळाचं चालत नाही. त्यातला क्लोरिन टाकीतल्या जिवांना मारक, आणि सिलिकेट, फॉस्फेट टाकीत साठत जातात. म्हणून आरओ आणि पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे मणी) लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात रीफचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं, मीठ मिसळायचं. आणि इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवायची, जी माझ्या पहिल्या उन्हाळ्यात पक्की झाली. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. खारं पाणी फक्त दर आठवड्याला टाकीतलं सात लिटर पाणी बदलायचं तेव्हा.

मे महिना अवघड गेला. कोरलना २५-२६ अंश हवेत आणि आमच्या हॉलमध्ये दुपारी ३४. पृष्ठभागावर दोन छोटे पंखे लावले तर पाणी उडून दोन-तीन अंश उतरतात, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याहून जास्त नाही. मग दुपारभर एसी. एका रात्री दीड वाजता वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा होता, टाकीचा पंप नव्हता, हे मला त्या क्षणी लक्षात आलं. पाणी ३०.४. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी, त्यात हलणं थांबलेलं. अर्ध्या तासात दोन्ही क्लाउन पृष्ठभागाखाली येऊन कल्ले जोरजोरात हलवू लागले. मी स्टुलावर बसून मगाने पाणी उचलून वीतभर वरून परत ओतत होतो. बायकोने फ्रीजरमधल्या पाण्याच्या दोन बाटल्या, झाकण घट्ट लावून, तरंगत ठेवल्या. एक वितळली की दुसरी. पाचला आईने मग हातात घेतला आणि मला झोपायला पाठवलं. साडेसहाला वीज आली. मासे वाचले, टाकीतला झिंगा मात्र गेला. त्याच आठवड्यात पंपाची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतली आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवला. तो आजही टाकीखालच्या कपाटात आहे, सेल तपासायची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते.

आता मिठाचं.

पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, मोजायला पहिले काही महिने मी काचेचा तरंगता हायड्रोमीटर वापरत होतो. घनता १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ. सगळं ठीक चाललं होतं. झोअँथिडची फुलं सकाळी दिवा लागला की अर्ध्या तासात उघडायची. हिरवी चकती आणि कडेला नारिंगी झालर. जूनमध्ये मी ऑनलाइन रिफ्रॅक्टोमीटर मागवला (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं, भिंगातून बघायचं यंत्र), कारण सगळे म्हणतात तो जास्त अचूक. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, शुद्ध पाण्याचा थेंब टाकून स्क्रूने शून्यावर आणा. आणला. मग टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला. निळी रेघ ३१ वर!

मला वाटलं, इतके दिवस आपण त्यांना कमी मिठात ठेवलं. हायड्रोमीटर जुना, काचेवर मीठ बसलेलं, त्याचीच चूक असणार. चार दिवसांत मी टाकी नव्या यंत्राच्या ३५ वर नेली. खरं तर ती ३९ वर गेली होती.

आधी लेदर मिटलं. तसं ते अधूनमधून मिटतंच, मेणासारखी साय धरतं आणि टाकून देतं, म्हणून मी थांबलो. मग मशरूम आक्रसून रुपयाएवढे झाले. शेवटी झोअँथिड. सकाळी दिवा लागायचा आणि दगडावर नुसते बंद कळ्यांचे देठ. मुलगी शाळेत जाताना विचारायची, "बाबा, आज उघडली?"

मग मी एकामागून एक सगळं बदललं. दिव्याची तीव्रता कमी केली, पुन्हा वाढवली. प्रवाहाची दिशा फिरवली. पाणी शुद्ध करायला कार्बन घातला. क्षारीयता, कॅल्शियम, नायट्रेट मोजलं, सगळं जागेवर. एखाद्या आठवड्यात दोनदा पाणी बदललं आणि प्रत्येक वेळी तेच जास्त खारं पाणी आत घातलं. त्या दिवसांत मी टाकीला शांत बसूच दिलं नाही.

खूण मात्र डोळ्यांसमोर होती. मी वहीत सगळं लिहितो. डब्यावर सांगितलेलं प्रमाण लिटरला ३८ ग्रॅम, म्हणजे सात लिटरला २६६. वहीत जूननंतर दर शनिवारी लिहिलेलं: ३००, ३००, ३०२, २९८. ३५ यायला एवढं लागत होतं. मी आईला म्हणालो, मीठ जास्त लागतंय. ती म्हणाली, "पावसात मीठ पाझरतंच की." मला ते पटलं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतंच होतं, ओलं मीठ वजनाला जास्त भरणार, हिशेब जमत होता. पण रीफचा डबा रबरी झाकणाचा, घट्ट बंद. आतलं मीठ बोटांत घेतलं तर भुरभुरीत कोरडं. हे मी कितीतरी शनिवार हाताने अनुभवत होतो आणि तरी ओलसरपणावर खापर फोडत होतो.

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या दर्शनाला म्हणून घाटकोपरला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे पंधरा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मी फोटो दाखवले, आकडे सांगितले. त्यांनी एकच विचारलं: "यंत्र कशाने लावलंत? साध्या पाण्याने?" आणि आतून एक बोटभर बाटली आणून दिली. बरोबर ३५ भागांचं प्रमाणित द्रावण. "घरी जाऊन थेंब टाका. शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र पस्तीसवर बरोबर असेलच असं नाही. जिथे मोजायचं तिथेच लावायचं."

रात्री साडेदहाला घरी आलो, बूट काढायच्या आधी थेंब टाकला. भिंगातून दिव्याकडे बघितलं. रेघ ३१ वर.

मी पुन्हा पुसून बघितलं. तीनदा ३१. म्हणजे टाकीतलं ३५ हे ३९ होतं. हायड्रोमीटर पहिल्यापासून बरोबर होता. तो कपाटातून काढला, कोमट पाण्यात धुतला आणि टाकीत सोडला. तो नेहमीच्या खुणेच्या कितीतरी वर उभा राहिला.

त्या रात्री हात शिवशिवत होते. एका बादलीत सगळं सरळ करता आलं असतं. ३९ वरून ३५ वर यायला सत्तर लिटरमधलं सात लिटर काढून तेवढंच गोडं पाणी घालायचं, पाच मिनिटांचं काम. पण ज्या चार दिवसांत मी टाकी वर नेली त्यांनीच हे झालं होतं. तितकीच घाई मला परत करायची नव्हती. म्हणून रोज रात्री नऊला अर्धा लिटर खारं काढायचं आणि अर्धा लिटर आरओचं गोडं, तेही ठिबकत, सलाईनच्या नळीने. दिवसाला पाव अंकाच्या आसपास उतार. उडालेल्या पाण्याची भर वेगळी. दिवा, प्रवाह, खाणं यांना हात लावायचा नाही. पंधरा दिवस.

बाकी काही न करणं मला जड गेलं. मोजायचं, अर्धा लिटर काढायचं, नळी लावायची आणि खुर्चीत बसून थेंब बघायचे.

सहाव्या दिवशी लेदरने साय टाकली. पांढरट पापुद्रा निघून प्रवाहात गेला आणि खाली ताजं पिवळसर अंग. नवव्या दिवशी सकाळी दात घासत हॉलमध्ये आलो, तर दगडाच्या डाव्या कोपऱ्यात झोअँथिडची तीन फुलं उघडी होती. पूर्ण नव्हती, झालर अजून आत ओढलेली. मुलीला उठवलं. तिने काचेला नाक लावून मोजली आणि म्हणाली चार आहेत, एक दगडाच्या मागे आहे. होती. पंधराव्या दिवशी प्रमाणित द्रावणाने लावलेल्या यंत्राने ३५ दाखवलं आणि हायड्रोमीटरने दुजोरा दिला. त्या शनिवारी सात लिटरला मीठ लागलं २६६ ग्रॅम. आईला वहीतलं पान दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मिठाचं चुकलं नव्हतं."

अठ्ठेचाळीस फुलांपैकी एकोणीस गेली. उरलेल्या एकोणतीसांची आज दीडशेच्या वर झाली आहेत, म्हणून मध्ये एकदा कापावी लागली. घरी कुणी झोअँथिड ठेवत असेल तर हे लक्ष देऊन वाचा: यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या आणि मूल दुसऱ्या खोलीत. दगड कधीही गरम पाण्यात उकळायचा नाही, वाफेतून ते श्वासात जाऊन लोक रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कापताना वापरलेलं पाणी सिंकमध्ये नुसतं ओतायचं नाही, ब्लीच घालून काही तास ठेवायचं.

कापलेल्यांपैकी आठ फुलांचा तुकडा मी स्टीलच्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, टाकीच्याच पाण्यात, घाटकोपरला नेला. रविवारची दुपारची लोकल, त्यामुळे बसायला जागा होती. थर्मास मांडीवर उभा धरून ठेवला. त्यांनी दार उघडलं, झाकण काढून आत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती सॅलिनिटी?"

मी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून त्यांच्या हातात दिला.