पाण्याच्या उलट दिशेने

म्हापशाच्या घरी तीन दिवस नळ नुसता फुसफुसत होता. तिलारी धरणाचा कालवा दुरुस्तीसाठी बंद आहे, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं. फेब्रुवारीतला रविवार. टँकरची वाट बघत बसण्यापेक्षा स्कूटर काढली आणि म्हटलं, चला, पाणी जिथून येतं तिकडे जाऊन येऊ.

पहिला थांबा अस्नोडा. आमच्या बार्देश तालुक्यातल्या (उत्तर गोवा) नळांना पाणी देणारा जलशुद्धीकरण प्रकल्प इथेच आहे. पण त्यापेक्षा रस्त्याकडेच्या हॉटेलातली मिरची भजी जास्त लक्षात राहिली.

तिथून मेणकुऱ्याकडे वळून आमठाण्याच्या धरणावर गेलो. झाडीत दडलेला शांत जलाशय. तिलारीचा कालवा बंद पडला की इथलं पाणी सोडतात आणि ते अस्नोड्याला उचलून नळाला देतात. म्हणजे त्या तीन दिवसांत माझ्या नळाला जी काही धार होती ती या तळ्याच्या कृपेने. काठावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने मला पाण्याजवळ जाताना पाहिलं आणि हटकलं, "बाब, पांय घालूं नाका थंय. मगर आसा." मी दोन पावलं मागे सरकलो.

लाटंबार्स्याला आते राहते. तिच्या घरामागून कालव्याची एक शाखा जाते. एरवी त्यात पाणी असतं. त्या दिवशी तळाला चिखल, दोन नारळाची झावळं आणि कुणाची तरी चप्पल. कालव्याच्या खालच्या अंगाला मात्र डोळे निवतील असं हिरवं. वायंगण (पावसाळ्यानंतर घेतलेलं) भात गुडघाभर, मेरांना म्हणजे बांधांना आळसांदे (चवळी), पलीकडे कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बराचसा चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. शिगमा (होळी) येईपर्यंत ओहळ नुसते दगड दाखवत असतात. पूर्वी लोक ओहळात मातीचा बांध घालून पाटाने पाणी न्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी पक्के बंधारे आहेत, पावसाळा सरला की त्यांना फळ्या लावायच्या. पण फळ्या अडवणार तेवढंच, जेवढं ओहळात उरलंय. ओहळ आटल्यावर आधार कालव्याचा.

आतेने नवीनच गोष्ट सांगितली. "कालवा झिरपतो म्हणून सगळे बोंबलतात रे. पण आमची विहीर त्या झिरपण्यावरच आहे. पलीकडच्या भागात नवीन सिमेंटचं अस्तर केलं, तिथल्या खालच्या बागांच्या विहिरी उतरल्या." मी आजवर गळती म्हणजे नासाडी असंच धरून चाललो होतो. जांभ्याच्या जमिनीत ते पाणी खाली जातं आणि खालच्या बागेत वर येतं. कालव्याच्या टोकाला ज्यांचं शेत आहे, त्यांना ते पटणार नाही हेही खरंच. त्यांच्यापर्यंत पाणी पोचायचं तर मधे झिरपायला नको.

जेवण झाल्यावर (नारळ घातलेलं आळसांद्यांचं तोंडाक म्हणजे रस्सा, उकडा भात, दुसऱ्यांदा मागून घेतलं) दोडामार्गमार्गे धरणावर गेलो. तिलारी धरण आहे महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, पण १९९० च्या करारानुसार खर्चाचा ७३.३ टक्के वाटा गोव्याचा. पाणी कालव्यांनी डिचोली, बार्देश आणि पेडण्यात उतरतं. हे धरण बांधताना गावं पाण्याखाली गेली. जलाशय बघताना तेवढं आठवतं, मग फार वेळ 'व्यू' बघवत नाही. धरणापासून आतेच्या गावापर्यंत पाणी नुसत्या उताराने येतं. मधे ओहळ आला की त्यावरून जलसेतू, डोंगर आडवा आला की वळसा. येताना एका जलसेतूखाली थांबून वर बघत राहिलो. आपण पुलावरून नदी ओलांडतो, इथे पाणी पुलावरून ओहळ ओलांडतं.

माझा नळ या साखळीतली शेवटची आणि सगळ्यात बोलकी कडी. तीन दिवस पाणी नाही आलं की आम्ही आरडाओरडा करतो. भाताला तीन दिवस पाणी नाही मिळालं तर ते ओरडत नाही, पोटरीतच, कणीस बाहेर यायच्या आधीच, करपतं.

परतीला आतेकडे चहा घेत होतो, तेवढ्यात शेजारचा मुलगा धावत आला, "सोडलं, सोडलं!" सगळे कालव्यावर. लांबून एक तपकिरी जीभ सरपटत येत होती. पुढे काजूची पानं, फेस, प्लास्टिकच्या बाटल्या. माणसाच्या चालीपेक्षाही हळू. मघाची चप्पल उचलली गेली आणि तरंगत निघाली. आतेने पदर खोचला. भाताकडे जाणाऱ्या पाटाच्या तोंडावरची माती खोऱ्याने ओढता ओढता म्हणाली, "तू निघ आता. तुझ्या म्हापशाला पोचायला त्याला अजून वेळ आहे."