हो ला हो

फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू येत असली की माझी फुकटात करमणूक होते. "हो… हो… हो का?… होऽऽ… हो हो… बरं." एवढ्यावर पाच मिनिटं सहज निघतात. यातला पहिला 'हो' म्हणजे नुसतं 'ऐकतोय, बोला'. 'हो का?' म्हणजे पटत नाही. लांबवलेला 'होऽऽ' म्हणजे आत्ता कुठे आठवलं. आणि घाईघाईने 'हो हो' आला की खुशाल समजावं, काम होणार नाही. एका 'हो'पेक्षा दोन 'हो' कमी भरतात, हे गणित फक्त भाषेतच चालतं.

शब्दकोशात मात्र 'हो'समोर एक शब्द लिहून मोकळे होतात. शिकायला सर्वांत सोपा, परभाषेत पहिल्याच दिवशी येणारा. एका भाषेतून दुसरीत तसाच नेता आला असता तर प्रश्न नव्हता.

मुळात 'हो' हा शब्द प्रत्येक भाषेकडे असतोच असं नाही. लॅटिनकडे नव्हता. 'असंच', 'तसंच' म्हणायचं, नाहीतर प्रश्नातलं क्रियापद उचलून परत द्यायचं. आयरिश आजही तेच करते: 'आहे का?' तर 'आहे', 'गेलास का?' तर 'गेलो'. आपल्याला यात नवल वाटू नये. "पोचलास?" "पोचलो." इथे 'हो' कुठे लागला? शिवाय आपलं 'होय' तरी मूळचं काय, तर संस्कृत 'भवति'चं प्राकृतात 'होइ' आणि त्याचं 'होय'. म्हणजे क्रियापदच. 'तसं आहे' हे अख्खं वाक्य झिजून झिजून एवढंसं उरलं.

लॅटिनच्या लेकींनी आपापली सोय आपापल्या परीने केली. स्पॅनिश आणि इटालियनने 'असं' या अर्थाचा लॅटिन 'सिक' घेऊन 'सी' केला. दक्षिण फ्रान्समध्ये 'हे' या अर्थाच्या 'होक'चा 'ओक' झाला. उत्तरेत त्याच 'होक'ला 'तो' या अर्थाचा शब्द जोडून 'ओइल' झाला आणि त्याचा पुढे आजचा 'वी'. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने तर या भाषांची वाटणीच 'हो' कसं म्हणतात यावरून केली: ओकवाले, ओइलवाले, सीवाले. फ्रान्समधल्या लांगदोक प्रांताच्या नावात तो 'ओक' अजून आहे. (झारखंडात 'हो' नावाची भाषा खरोखरच आहे, पण तिथे 'हो' म्हणजे माणूस.)

खरी गंमत नकारार्थी प्रश्नात. "तू आला नाहीस?" असं विचारलं आणि मी खरंच गेलो नसेन, तर मराठीत "हो, नाही आलो" सहज चालतं. जपानीतही 'हाइ' म्हणतात, म्हणजे 'तुम्ही म्हणता ते बरोबर'. इंग्रजीत मात्र इथे 'नो' लागतं. एक भाषा बोलणाऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावते, दुसरी घडलेल्या गोष्टीकडे बघते. दुभाषाने शब्दाला शब्द ठेवला तर झालेला करार मोडायचा.

आणि गेलो असेन तर? त्यासाठी फ्रेंचमध्ये वेगळा 'सी' आहे, जर्मनमध्ये 'डॉख', स्वीडिशमध्ये 'यो'. समोरच्याचा नकार खोडून काढणारा खास 'हो'. आपल्याकडे असा शब्द नाही असं वाटतं खरं, पण "आला नव्हतास ना?" याला आपण ताडकन काय म्हणतो? "आलो होतो की!" तो शेपटीचा 'की' म्हणजे आपला 'डॉख'. व्याकरणात त्याला एवढा मान कुणी दिलेला दिसत नाही, पण काम तो चोख करतो.

इंग्रजीकडेही पूर्वी चार शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. सोळाव्या शतकात इंग्रज विचारवंत टॉमस मोर यांनी बायबलचे अनुवादक टिंडेल यांना यावरून खडसावलं होतं की, तुम्हाला 'ने' आणि 'नो' यांतला फरक कळत नाही. नियम समजावून सांगताना मोर यांनी स्वतःच तो उलटा सांगितला, हे पुढच्या अभ्यासकांनी हसत हसत दाखवून दिलं. चाराचे दोन का झाले, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

कानाचा भरवसा धरावा तर तोही धरवत नाही. 'न'ने सुरू होतो तो नकार, असं आपण धरून चालतो. नाही, नो, नाइन, न्येत. ग्रीक माणूस 'ने' म्हणतो तेव्हा तो होकार असतो. कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो. उत्तर स्वीडनमध्ये तर शब्दच लागत नाही. ओठांतून झटकन श्वास आत ओढला की झाला होकार. नवख्याला वाटावं, यांना चटका बसला.

होकाराचं एवढं कौतुक केलं, पण मराठीची खरी श्रीमंती नकारात आहे. नाही, नाहीस, नाहीत, नव्हता, नव्हे, नसावं, नये! फिनिशमध्येही नकाराचं क्रियापद असंच माणसागणिक बदलतं. हो ला हो करणाऱ्याला आपण एक 'होयबा' दिला आणि सोडून दिलं. नकाराचा मात्र पाडाच केला. त्यात 'नको'ला तर तोड नाही. नसण्याशी त्याचं देणंघेणं नाही, मनात नसण्याशी आहे. मला नको, तिथे नको, आत्ता नको, तू बोलू नको. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकासाठी वेगळं वाक्य जुळवावं लागतं, आणि पहिल्यासाठी तर वर आभारही मानावे लागतात.