कंट्रोल गटातले बारा उंदीर

स्टॉपवॉच थांबवलं तेव्हा सातव्या उंदरानं उघड्या पट्टीवर काढलेला वेळ होता ४ सेकंद. पाच मिनिटांतले फक्त ४ सेकंद. आणि हा कंट्रोल गटातला उंदीर होता, आम्ही कसलाही ताण न दिलेला.

ही चाचणी सोपी असते. जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्या, दोन भिंतींच्या आड, दोन उघड्या. उंदराला उघड्यावर भीती वाटते, पण नव्या जागेची ओढही असते. निवांत उंदीर कडेपर्यंत येतो, मान खाली घालून डोकावतो, आत पळतो, पुन्हा येतो. घाबरलेला भिंतीला चिकटून राहतो. माझे बाराच्या बारा चिकटून राहिले. शेजारच्या गटाला १० दिवस, रोज २ तास, हलता येणार नाही असं ठेवलं होतं. दोन्ही गटांचे आकडे समोर ठेवले तर कोणता कुठला ते सांगता येईना.

याच पद्धतीनं बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं २००२ साली दाखवलं होतं की सततच्या ताणानं मेंदूतल्या आठवणी जपणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, भीतीची जागा असलेल्या अमिग्डालातल्या मात्र वाढतात. २००४ साली त्यांनी पुढचं दाखवलं. २१ दिवस विश्रांती मिळाली की हिप्पोकॅम्पस सावरतो, अमिग्डाला नाही. या क्षेत्रात मी आले ती हे वाचून. माझी आजी किल्लारीजवळची. १९९३च्या त्या पहाटेनंतर ती कधीही दार लावून झोपली नाही. उंदरावरून थेट माणसावर उडी मारता येत नाही हे मला माहीत आहे, पण भीतीची जागा सावरत नाही म्हणजे काय, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं.

दुपारभर मी चुका शोधत बसले. क्रम चुकला का? हाताळणी बदलली का? पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानंही उंदरांना ताण येतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेलं आहे. पण हे उंदीर सुरुवातीपासून मीच हाताळत होते.

शेवटी अ‍ॅनिमल हाऊसचे मामा दारात येऊन उभे राहिले. "ताई, मागच्या आठवड्यात बोललो होतो तुम्हाला. त्या खोलीतली पोरं दाराशी येईनात. ट्यूबा बदलल्यापासून."

खरंच बोलले होते. मी "बघते" म्हटलं होतं आणि बघितलं नव्हतं.

खोलीत गेले. तापमान ठीक, भुसा कोरडा, शांतता. ती शांतता माझ्या कानांची होती. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. उंदरांना त्याच्या कितीतरी पलीकडचं ऐकू येतं, आणि धोका दिसला की ते एकमेकांना हाक मारतात तीच मुळी २२,००० हर्ट्झच्या आसपास. वटवाघळांवर काम करणाऱ्या मैत्रिणीकडून मी तिचा डिटेक्टर आणला. असे आवाज तो आपल्या कानांच्या टप्प्यात आणून ऐकवतो.

बटण दाबलं आणि गरम तेलात मोहरी पडावी तशी तडतड सुरू झाली. मामा दचकून एक पाऊल मागे सरले. मी ट्यूब बंद केल्या. तडतड थांबली. लावल्या, पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा हात बटणाकडे जाईना, कारण पिंजऱ्यातले बारा जण कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसलेले मला दिसत होते.

जुना तांब्याच्या तारेचा चोक गुणगुणतो, ते आपल्याला ऐकू येतं. इलेक्ट्रॉनिक चोक २०,००० हर्ट्झच्या वर चालतो. आपल्यासाठी तो मुका. त्या खोलीत दिवे रोज १२ तास लागतात. माझ्या ताणाच्या गटाला दिवसाला दोनच तास होते.

तरीही आवाज सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. ट्यूब काढल्या, साधे बल्ब लावले, डिटेक्टर गप्प असल्याची खात्री केली आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे सगळं मांडून नव्या बारा उंदरांची परवानगी मागितली. प्रत्येक प्राणी का हवा, याचं कारण त्या अर्जात लिहावं लागतं. आधीचे चोवीस कशात गेले, ते लिहिताना माझा हात जड झाला होता. ती आकडेवारी आम्ही प्रबंधात वापरली नाही.

नवे उंदीर आले, रुळले. चाचणीच्या दिवशी पहिलाच उघड्या पट्टीच्या टोकापर्यंत गेला आणि मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिला.

नोंदवहीत तापमान आणि आर्द्रतेच्या शेजारी मी एक रकाना आखला, मामांसाठी. त्यात ते रोज सकाळी दार उघडल्यावर लिहितात. पहिल्या दिवशीची नोंद अशी आहे: "दहा दाराशी आले. दोन झोपलेले."