उडी आणि उपसा

मे महिन्यातला रविवार, रात्र

सगळ्या माणसांनी एकाच क्षणी उडी मारली तर पृथ्वी हलेल का? दुपारी जेवताना भाचीनं हा प्रश्न टाकला आणि पान उचलून खेळायला पळाली. मी मात्र संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसले. असले प्रश्न ‘काहीतरीच काय’ म्हणून झटकायला माझं मन होत नाही. आपण इतके सारे मिळून या पृथ्वीचं काही करू शकतो का, हे मलाही खरंच जाणून घ्यायचं असतं.

हिशोब तसा सोपा आहे. आपण साधारण ८०० कोटी. लहानमोठे सगळे धरून सरासरी ६० किलो पकडले. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. म्हणजे सगळी माणसं एका पारड्यात घातली तर पृथ्वी त्यांच्या साडेबारा लाख कोटी पट भरते. या सगळ्यांना एका जागी आणायचं तर जागा फार लागत नाही, चौरस मीटरला चार जण उभे केले तर पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्शात सारी मानवजात मावेल. (हा आकडा आल्यावर मी पेन खाली ठेवून जरा वेळ नुसती बसले होते.) आता सगळ्यांनी मिळून फूटभर उडी मारली, तर पायाखालची पृथ्वी उलट बाजूला सरकणार किती? हायड्रोजनच्या एका अणूच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतकी. आणि तेवढीही सरकून राहत नाही. आपण हवेत असताना तिचं गुरुत्वाकर्षण आपल्याला खाली ओढतं, तसं आपलं तिला वर ओढतं. पाय टेकले की ती होती तिथं आणि आपण होतो तिथं.

मग उडी सोडून चाल घेतली. समजा, सगळे विषुववृत्तावर ओळीनं उभे राहिले आणि पूर्वेकडे चालू लागले. चालताना आपण जमीन मागे, म्हणजे पश्चिमेकडे रेटतो. पृथ्वी फिरते पूर्वेकडे, तेव्हा तिचा वेग किंचित कमी होणार आणि दिवस लांबणार. किती? एका सेकंदाचे दोन हजार कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. चालणारे थांबले की तोही परत. वाऱ्यांचं बघावं तर ऋतूंप्रमाणे नुसते जोर-दिशा बदलून ते दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या आसपास कमीजास्त करतात, आपल्या त्या चालीच्या कोट्यवधी पट.

गर्दीचा जमिनीला पत्ताच लागत नाही, असं मात्र नाही. ७ सप्टेंबर २००१ ला ब्रिटनमध्ये विज्ञान वर्षाच्या सुरुवातीला लाखो शाळकरी मुलांनी ठरल्या वेळी उड्या मारल्या होत्या, भूकंपमापकांवर त्याचा माग घेतला गेला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये याच्या उलट झालं. ११७ देशांतल्या २६८ केंद्रांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा माणसांच्या वर्दळीनं होणारी जमिनीची थरथर निम्म्यापर्यंत उतरलेली दिसली. रस्ते, कारखाने, रेल्वे, सगळं एकदम थांबलं होतं. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो, पण हा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर शहारा आला होता. तरी ती थरथर वरच्या कातडीची. पृथ्वीच्या फिरण्याशी तिचा संबंध नाही.

इथपर्यंत उत्तर ‘नाही’ असंच होतं आणि भाचीला तेच सांगून मोकळं होता आलं असतं. पण उडी आणि चाल या दोन्हींत आपण जे देतो ते लगेच परत घेतो. एखादी जड वस्तू हलवून कायमची दुसरीकडे नेऊन ठेवली तर?

तशी वस्तू आहे, पाणी. चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण पूर्ण भरलं की त्यात जवळजवळ १,३९० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी असतं, म्हणजे आपली तेरा कोयना धरणं. एवढं पाणी समुद्रसपाटीपासून १७५ मीटर उंचीवर अडवून धरल्यामुळे दिवस ०.०६ मायक्रोसेकंदानं लांबतो आणि ध्रुव दोनेक सेंटिमीटर सरकतो, असं नासाच्या शास्त्रज्ञांचं गणित आहे. वर मांडलेल्या आठशे कोटींच्या चालीपेक्षा हे एकटं धरण हजार पटींहून भारी ठरतं.

आणि खरी गोष्ट धरणाची नाहीच, बोअरची आहे. पृथ्वीची आस जमिनीतून जिथं बाहेर पडते तो बिंदू एका जागी खिळलेला नसतो. वर्षभरात तो काही मीटरच्या घेऱ्यात भटकतो, आणि त्या भटकण्याखाली एक संथ सरकणंही चालू असतं. फिरत्या भोवऱ्याच्या एका अंगाला चिखलाचा गोळा चिकटला की त्याची आर डुगडुगते, तसं पृथ्वीवर वजन इकडचं तिकडे झालं की ध्रुव सरकतो. १९९३ ते २०१० या काळात तो का आणि कुठे सरकला, याचा हिशोब शास्त्रज्ञ जुळवत होते. वितळलेला बर्फ धरला, हिमनद्या धरल्या, धरणांत अडलेलं पाणी धरलं. तरी गणित जुळेना. मग जमिनीखालून उपसलेलं पाणी त्यात घातलं, २,१५० अब्ज टन, आणि गणित जुळलं. दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या की-वॉन सो यांच्या गटानं २०२३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. नुसत्या भूजल उपशामुळे ध्रुव त्या काळात जवळपास ८० सेंटिमीटर सरकला.

२,१५० अब्ज टन म्हणजे किती, हे मी टीएमसीत बदलून पाहिलं. सुमारे सातशेवीस कोयना. अठरा वर्षांत.

त्यात सगळ्यांत मोठा वाटा दोन भागांचा निघाला, उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला वायव्य भारत. विषुववृत्तावरचं किंवा अगदी ध्रुवाजवळचं वजन हललं तर ध्रुवावर फारसा परिणाम होत नाही, मधल्या अक्षांशांवरचं हललं तर जास्त होतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण उपसा. जगात सगळ्यांत जास्त भूजल आपल्या देशात उपसलं जातं.

जेवणं झाल्यावर राहवेना, म्हणून गावी काकांना फोन लावला. या आठवड्यात त्यांच्याकडे रात्रीची लाईट आहे, त्यामुळे ते जागेच होते. स्टार्टरला ऑटो बसवलाय, थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू होते, तरी ते उठून शेताकडे जातात. पाइपातून आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पिचकारी येते, मग धार लागते. काका धारेखाली तळवा धरून दाब बघतात. पूर्वी दोन इंची पाइप तोंडोतोंड भरून यायचा. आता अर्धा येतो, आणि थोड्या वेळानं मोटर पाणी सोडते. मग बंद करायची, झिरपून साठू द्यायचं, पुन्हा चालू. शेजारच्या बांधावर गेल्या वर्षी बोअरची गाडी लावली होती, सातशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला.

मी त्यांना ध्रुवाचं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, “आमच्या मोटरीनं व्हय?”

“एकट्या तुमच्या नाही काका. सगळ्यांच्या मिळून.”

“पर पोरी, पाणी तर पिकाला दिलं. ते गेलं कुठं म्हणायचं?”

हा प्रश्न मला भाचीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटला. पिकाला दिलेलं पाणी हवेत जातं, पाऊस होऊन पडतं, नदीला मिळतं आणि बरंचसं शेवटी समुद्रात पोहोचतं. त्याच अठरा वर्षांत उपशाच्या पाण्यानं समुद्राची पातळी सहा मिलिमीटरहून जास्त वाढली. पंजाब-हरियाणाच्या जमिनीखाली हजारो वर्षांत मुरलेलं पाणी आज जगभरच्या समुद्रांत वाटलं गेलं आहे. काकांना एवढंच म्हणाले, “समुद्रात गेलं.” ते गप्प झाले.

काकांच्या बोअरला ध्रुवाच्या हिशोबात ओढणं रास्त नाही, हेही इथं लिहून ठेवते. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी मुरमात आणि भेगांत राहतं, मुळात थोडं असतं आणि चांगल्या पावसात पुष्कळसं भरूनही निघतं. पंजाब-हरियाणाच्या गाळाच्या खोल जमिनीत होतं तसं भांडार इथं कधी नव्हतंच. आणि तिथल्या शेतकऱ्यालाही मी दोष देणार नाही. देशाची कोठारं भरायला त्याला भात लावायला सांगितलं, तो त्यानं लावला. ८० सेंटिमीटरनं ऋतू बदलत नाहीत, दिवसरात्रीत फरक पडत नाही. भीती घालण्यासारखं त्यात काही नाही. मला अस्वस्थ करतंय ते वेगळंच. उडीसाठी आठशे कोटींचं एकमत लागलं असतं, घड्याळं जुळवावी लागली असती, आणि हाती काही आलं नसतं. मोटरीसाठी कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकानं आपापल्या शेतात, आपापल्या गरजेपोटी हिरवं बटण दाबलं, आणि पृथ्वीची आस सरकली.

त्याच शास्त्रज्ञांचं असंही म्हणणं आहे की उपसा आवरला तर हे सरकणं बदलू शकतं, मात्र ते कित्येक दशकं नेटानं करावं लागेल. काकांना तेही सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, बोअर पुनर्भरणाला खड्डा किती खोल घ्यायचा आणि जाळीच्या आत वाळू आधी की खडी आधी. सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून कळवते, असं मी म्हणाले. मृगाच्या आधी जेसीबी मिळाला तर खड्डा होईल, नाहीतर पुढच्या वर्षावर जाईल. उद्या सकाळी पहिला फोन तोच.